सात फ्रेम आधी

मारामारी असली की मला बोलवायचे. बाकीच्यांना ढग, झाडं, उड्या मारणारे ससे, आणि मला गुद्दे. आमच्या स्टुडिओत हे ठरूनच गेलं होतं. कुणाचं नाक फोडायचंय, कुणाला भिंतीवर आपटायचंय, कुणाच्या पोटात गुडघा घालायचाय, की फाइल माझ्याकडे. मी निपाणीकडची बाई, उंची जेमतेम पाच फूट, आणि माझा फटका बसला की पडद्यावरचा माणूस खरोखर कळवळतो असं सगळे म्हणायचे. मला त्याचा माज होता. का नसावा?

फटका काढणं सोपं नसतं. नुसता हात इकडून तिकडे नेला तर माशी हाकलल्यासारखं दिसतं. आधी खांदा मागे जायला हवा, कंबर वळायला हवी, पायाचा अंगठा जमिनीत रुतायला हवा. सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. आम्ही एकेका चित्राला फ्रेम म्हणतो. त्यात फटका लागतो ती फ्रेम एकच, फार तर दोन. पण आधीच्या आठ-दहा जमल्या नाहीत तर ती वाया जाते. मग लागल्यानंतरचं. आधी तोंड वळतं, गालाचं मांस त्याच्या मागून उशिरा येतं आणि केस सगळ्यात शेवटी. हे कुठे शिकले, असं विचाराल तर घरी. आमच्या आईचा हात भारी होता. उलथनं, फुंकणी, जे हातात असेल ते चालायचं. आम्ही त्याला मार म्हणतच नव्हतो. ‘आज दोन बसल्या’ म्हणायचो आणि हसायचो.

आणि मी माझ्या पोरीला मारायची. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारी समजायला नको. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, तीनदा. पाठीत धपाटा, दंडाला चिमटा, डोकं फारच फिरलं तर कानाखाली. पोरगी आठ वर्षांची, हाडकुळी, माझ्याइतकीच हट्टी. तिला एक खोड होती. मी कामात बुडालेली असले की नेमकी तेव्हाच येऊन शेजारी उभी राहायची. शाळेच्या डायरीतला लाल शेरा, फुटलेली पाण्याची बाटली, गणितातला भोपळा, सगळं तिला तेव्हाच दाखवायचं असायचं. मी खेकसायची, तुला दुसरी वेळ सापडत नाही का गं, मेले? नवरा बाहेरून ‘अगं, हळू’ म्हणायचा. त्याच्या लेखी एवढं म्हटलं की त्याचं काम झालं.

लॅपटॉपही मीच मारला. खरंच मारला. तासभर काम केलेली फाइल जतन करताना तो गोठून बसला. मी एक बुक्की घातली. हलला नाही. दुसरी घातली. तिसरीला कळफलकाच्या मधोमध खड्डा पडला आणि आतून टकटक असा आवाज यायला लागला. बंगळुरातल्या आमच्या सर्जापूर रोडवरच्या दुरुस्तीवाल्यानं तो उलटा केला, सुलटा केला आणि पडला का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हो, पडला. त्यानं खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि लॅपटॉप परत केला.

नेमकं त्याच आठवड्यात ते काम आलं. मल्लेश्वरमच्या एका दिग्दर्शिकेचं. तिचं घराणं बंगळुरात शेकडो वर्षं मुरलेलं मराठी. ती मला पहिल्या फोनपासून अक्का म्हणायला लागली. शाळांमधून आईबापांना दाखवायची तीन मिनिटांची फिल्म होती. मुलांना मारू नका, या विषयाची. त्यात एक आई ओट्याशी काम करत असते, पोर मागून येते आणि आई वळून तिच्या कानाखाली मारते. सगळी फिल्म त्या फटक्यावर उभी. तो बघून बघणाऱ्याला स्वतःचा हात आठवला पाहिजे, असं ती म्हणाली. म्हणूनच माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं. मी फोन ठेवला आणि हसले. माझ्याइतकी लायक बाई तिला अख्ख्या बंगळुरात मिळाली नसती.

आता लॅपटॉप नव्हता, म्हणून नवऱ्याच्या डेस्कटॉपवर बसावं लागलं. नवरा मूळचा पुण्याचा, नोकरी सर्व्हर सांभाळायची. त्याच्या मशीनवर लिनक्स, आणि त्यावर विंडोज चढू देणार नाही अशी त्याची शपथ. माझं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. मग त्यानं मधला मार्ग काढला, व्हर्च्युअल मशीन. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर. त्या आतल्याला वाटत राहतं की आपण खरेच आहोत. बाहेर लिनक्स, आत विंडोज, आणि त्याच्या आत मी, कॉम्प्युटरला जोडायची माझी काळी ड्रॉइंगची पाटी आणि पेन घेऊन.

पहिली रेघ ओढली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रेघ तारेसारखी आली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. माझ्या पाटीवर हलकं टेकवलं की केसाएवढी रेघ येते आणि दाबलं की बोटाएवढी. सगळा मार त्या दाबण्यात असतो. मी जोर केला, अजून जोर केला, पेनचं टोक मोडलं, पण रेघ तीच. शिवाय पेन जाईल त्याच्या मागून बाण लंगडत यायचा. मी माउस उचलून भिंतीवर फेकला. त्याचं मधलं चाक गडगडत सोफ्याखाली गेलं. नवरा आला, खाली वाकून चाक शोधलं आणि शांतपणे सांगायला लागला. बाहेरचा कॉम्प्युटर पेनला माउस समजतोय, पेन कुठे आहे एवढंच तो आतल्याला कळवतोय. किती जोरात दाबलंय, ते आत पोचतच नाहीये.

‘मग पोचव ना ते,’ मी म्हटलं.

त्याला दीड दिवस लागला. शेवटी त्यानं पाटी बाहेरच्या मशीनकडून काढून घेतली आणि थेट आतल्याच्या हवाली केली. पाटीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आत बसवलं, चालू-बंद केलं, आणि रेघ जाड-बारीक व्हायला लागली. थोडा उशीर मात्र राहिलाच. हात आणि रेघ यांच्यात एक बारीकशी फट. तेवढं चालवून घे, म्हणाला. मी चालवून घेतलं, पण जीभ आवरली नाही. त्या दीड दिवसात मी त्याला, त्याच्या लिनक्सला आणि त्याच्या सगळ्या खानदानाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फटका काढायच्या आधी आम्ही तो स्वतः करून बघतो आणि त्याचं शूटिंग करतो. मग ते आत घेऊन एकेक फ्रेम बघत त्यावरून चित्रं काढायची. रविवारी सकाळी मी पोरीला विचारलं, माझ्याबरोबर नाटक करशील का. मी खोटं खोटं मारणार, हात गालाच्या आधीच थांबवणार, बदल्यात मोठं चॉकलेट. ती लगेच तयार झाली. माझा फोन लांब ठेवला, त्यात आम्ही दोघी अख्ख्या दिसत होतो. नवऱ्याचा फोन तिच्या तोंडावर रोखला. दोन्ही शूटिंग एकमेकांशी जुळवता यावीत म्हणून सुरुवातीला एक टाळी वाजवायची. ओट्याऐवजी मी माझ्या टेबलाशीच बसले. ती मागून यायची, मी उठायची, वळायची, हात उगारायची. तीनदा केलं. तिसऱ्यांदा हात गालाच्या इतका जवळ थांबला की तिची बट हलली. छान केलंस, मी म्हटलं. ती खेळायला गेली.

दोन्ही शूटिंग आत घेतली, टाळीवर जुळवली, आणि भलतंच दिसलं. एका चौकटीत माझा हात अजून खालीच, आणि दुसऱ्या चौकटीत पोरीचे डोळे घट्ट मिटलेले. फ्रेम मोजल्या. माझा खांदा हलायच्या सात फ्रेम आधी तिनं डोळे मिटले होते. तिन्ही वेळा सात, एखाद-दुसरी इकडेतिकडे. मी म्हटलं, हा त्या खोट्या कॉम्प्युटरचाच आचरटपणा. एक शूटिंग वेळेवर दाखवतोय आणि दुसरं रेंगाळतंय. पेनचा उशीर होताच की डोळ्यासमोर! मग नवऱ्याला परत जुंपलं. त्यानं आतल्याला जास्त मेमरी दिली, शूटिंग दुसऱ्या प्रकारात बदलून दिलं, मशीन पुसून पुन्हा उभं केलं. सोमवार गेला. मंगळवार दुपारपर्यंत सात फ्रेम जशाच्या तशा, आणि माझ्या अंगाचा तिळपापड.

त्या दुपारी पोरगी शाळेतून आली आणि युनिफॉर्ममध्येच माझ्या खुर्चीशी उभी राहिली. चॉकलेट राहिलंय, म्हणाली. मी म्हटलं, नंतर. तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं माझी बाही ओढली आणि पडद्यावरची रेघ अख्ख्या चित्रावरून फरपटत गेली. मी उठले आणि तिच्या कानाखाली दिली. हा थांबवलेला नव्हता. आधी तोंड वळलं, गाल त्याच्या मागून आला, केस सगळ्यात शेवटी. ओठ दाताखाली फाटला आणि पांढऱ्या शर्टवर रक्ताचे तीन ठिपके पडले. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली असेल, तर फटका कसा सफाईदार जमला ही. त्यानंतर मग मी खाली बसले, तिचा ओठ पदरानं दाबून धरला. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंनी फोन करून ओठाचं विचारलं. मी म्हटलं, पडली.

त्यांचा कॉल संपला तेव्हा फोन हातातच होता म्हणून म्हणा, की काहीतरी टोचत होतं म्हणून, मी रविवारचं लांबून घेतलेलं शूटिंग उघडलं. व्हर्च्युअल मशीन नाही, काही नाही, नुसता फोन. दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि पुढे-मागे सरकवत राहिले. त्यात आम्ही दोघी एकाच चित्रात होतो, जुळवायचा प्रश्नच नव्हता. माझा हात खाली. तिचे डोळे मिटलेले. मशीन बिचारं पहिल्यापासून बरोबर दाखवत होतं.

मग मी माझं रोजचं काम केलं. कुणी दचकलं तर का दचकलं ते मागे जाऊन शोधायचं. तिच्या डोळ्यांपासून एकेक फ्रेम मागे गेले. माझं तोंड तर तिला दिसतच नव्हतं, माझी पाठ होती तिच्याकडे. मी काही बोलले नव्हते. खांदा स्थिर होता. हलत होता तो फक्त उजवा हात, आणि त्या हातात पेन होतं. उठायच्या आधी मी ते पेन त्याच्या छोट्या स्टँडमध्ये ठेवत होते. हळुवार, टोक वर करून, मोडू नये म्हणून. पेन स्टँडला टेकलं त्या फ्रेमला तिचे डोळे मिटायला लागले होते. दुसऱ्या टेकमध्ये तेच. तिसऱ्यात तेच. मंगळवारी मी काय केलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. पेन ठेवलं होतं. तेव्हाही टोक वर करून. मी फोन टेबलावर पालथा घातला.

संध्याकाळी तिला जवळ बसवलं आणि शूटिंगमध्ये डोळे आधीच का मिटलेस ते विचारलं. ती सुजलेल्या ओठानं बिस्कीट चोखत होती. खेळाचे नियम सांगावेत तसं तिनं सांगितलं.

‘तू पेन ठेवलंस की मारतेस ना. पेन हातात असलं की नुसती ओरडतेस.’

 तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिनं अजून सोपं करून सांगितलं.

‘म्हणून मी तू ड्रॉइंग करतानाच येते. तेव्हा चान्स असतो.’

एवढी वर्षं मी त्या पोरीला ऐकवत आले होते की तुला दुसरी वेळ सापडत नाही का. तिनं माझ्या दिवसातली एकुलती एक बरी वेळ हुडकून काढली होती, आणि त्यासाठीही मी तिला शिव्या घातल्या होत्या. मी तिला पोटाशी धरलं. तिनं धरू दिलं, पण बिस्कीट हातातच धरून होती, माझ्या अंगाला लागू नये म्हणून बाजूला. मी म्हटलं, आता कधी मारणार नाही. बरं, म्हणाली.

चित्रं मी पंधरा दिवसांत पुरी केली. त्या मशीनचा उशीर, पेनचं लंगडणं, मला काही जाणवलं नाही. फिल्ममधल्या आईच्या हातात उलथनं दिलं होतं. ती ते तव्याशेजारी नीट ठेवते, पोर डोळे मिटते, आणि मग आई वळते. कच्चं काम पाठवलं तशी दिग्दर्शिकेचा व्हिडिओ कॉल आला. फटका एकदम बेस्ट आहे म्हणाली, अंगावर काटा आला म्हणाली.

‘पण अक्का, पोरीचे डोळे स्वल्प लवकर मिटतायत. हात उचलल्यावर मिटू देत. तिला आधी कसं कळणार?’

‘कळतं,’ मी म्हटलं.

ती समजावायला लागली, बघणाऱ्याला ती चूक वाटेल, आपण वाटल्यास चार फ्रेम सरकवू, स्वल्पच काम आहे. मी म्हटलं की एकही फ्रेम सरकवणार नाही, पाहिजे तर दुसरं कुणी बघा. ती मला हटवादी समजत असावी. मग मी तिला सगळं सांगितलं. पेन, सात फ्रेम, ओठ. त्या बाईला मी धड ओळखतही नव्हते. ती नुसतं ‘सरी’ म्हणाली, म्हणजे ठीक आहे. डोळे तसेच राहिले.

त्यानंतर मी पोरीला मारलं नाही. सोपं गेलं असं वाटत असेल तर तसं नाही. राग कुठे जात नाही. हाताला मुंग्या यायच्या. मी बाथरूममध्ये जाऊन बादलीला लाथा घालायची, एकदा अंगठ्याचं नख उचकटलं. पेन हातात धरूनच स्वयंपाकघरात जायची, पेन धरूनच कुकर उतरवायची. नवरा म्हणाला, हे काय नवीन. मी त्याला सांगितलं तेव्हा तो ‘अगं, हळू’ सुद्धा म्हणाला नाही. आठ महिने गेले. पोरगी हसायला-बोलायला लागली होती. डायरी जेवताना दाखवायला लागली होती. मला वाटलं, निभावलं.

मग परवाच्या शनिवारी ती नाचाच्या क्लासला निघताना टेबलाखालून चप्पल ओढत होती, आणि तिच्या पायात पाटीची वायर अडकली. पाटी खाली पडली, आतल्या मशीनचा पेनशी संबंध तुटला, सॉफ्टवेअर गोठलं आणि सकाळपासूनचं काम गेलं.  मी पेन ठेवलं. सवयीनं, टोक वर करून. मारायला नव्हे, देवाशपथ सांगते, पाटी उचलायला दोन्ही हात हवे होते म्हणून.

ती टेबलाखालून बाहेर आली, सरळ उभी राहिली आणि डोळे मिटले. हात पाठीमागे, मान थोडी वळवून गाल माझ्याकडे केलेला.   खाली गाडीत नवरा हॉर्न वाजवत होता.

‘आई, मार ना लवकर,’ ती म्हणाली. ‘मला उशीर होतोय.’

मी नाही मारणार म्हटलं. दोनदा म्हटलं. ती डोळे मिटून तशीच उभी होती.